रानड्यांच्या घरात नेमकं काय चाललं होतं? रमाबाईंचं आयुष्य, सोप्या भाषेत

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे म्हटलं की शाळेच्या पुस्तकातला तो पगडीतला फोटो आठवतो आणि खाली समाजसुधारक, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, काँग्रेसच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी एक वगैरे वगैरे. मग कधीतरी कुणीतरी सांगतं की याच माणसाने पहिली बायको गेल्यावर तीन महिन्यांच्या आत 11 वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, स्वतः 31 वर्षांचे असताना. लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते ढोंगी होते, दुसरी म्हणते तो काळच तसा होता, आणि दोघी तिथेच थांबतात. त्या 11 वर्षांच्या मुलीचं पुढे काय झालं हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण तिने ते सगळं स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय आणि ते मराठीत आहे, म्हणजे आपल्याला कुणाच्या भाषांतराचीही गरज नाही.

तर ही गोष्ट रमाबाई रानडे यांची. आणि ती नीट समजायची असेल तर त्या काळातल्या चार-पाच गोष्टी आधी कळायला लागतात, लग्नाचं वय म्हणजे काय होतं, सोवळं घरात कसं चालायचं, ग्रामण्य म्हणजे काय, सरकारी नोकर असून माणूस पुढारी कसा असू शकतो. जसजसं येईल तसतसं सांगतो.

जन्म 25 जानेवारी 1862, गाव देवराष्ट्रे, आताच्या सांगली जिल्ह्यात (यशवंतराव चव्हाण पण याच गावचे). माहेरचं आडनाव कुर्लेकर, नाव यमुना. घर खाऊन-पिऊन सुखी, पण मुलींना शिकवायची पद्धत नाही, म्हणजे लग्न झालं तेव्हा यमुनेला अक्षरओळखसुद्धा नव्हती.

आता ते लग्न. रानड्यांची पहिली बायको सखूबाई ऑक्टोबर 1873 मध्ये गेली. रानडे तेव्हा पुण्यात न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर, आणि विधवाविवाहाच्या चळवळीत उघड उघड पुढे. विष्णुशास्त्री पंडितांनी 1866 मध्ये विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली होती आणि रानडे त्यातले मुख्य माणूस. त्यामुळे त्यांच्या वडिलांना, म्हणजे गोविंदरावांना, एकच धास्ती, आता हा मोकळा झालाय, उद्या एखाद्या विधवेशी लग्न करून बसेल. म्हणून त्यांनी घाईघाईने स्थळ पक्कं केलं. रानडे म्हणत होते मला आत्ता लग्नच करायचं नाही, निदान थोडे महिने थांबा, पण वडील ऐकेनात, आणि लग्न केलं नाहीस तर मी कोल्हापूरला निघून जातो, तुझा-माझा संबंध संपला, इथपर्यंत गोष्ट गेली. मुलीच्या वडिलांना रानड्यांनी स्वतः सांगून पाहिलं की माझे डोळे आणि कान अधू आहेत, मला विलायतेला जायचंय आणि आल्यावर मी प्रायश्चित्त घेणार नाही, तुम्ही मुलगी कशाला देता. तेही बधले नाहीत. शेवटी डिसेंबर 1873 मध्ये लग्न झालं. लग्न लावून घरी आल्यावर रानडे कुणाशी काही न बोलता खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

आता इथे मी माझं मत सांगतो. वडिलांपुढे मान तुकवली हे रानड्यांचं चुकलंच, आणि ते स्वतःही त्याचं ओझं जन्मभर वागवत होते असं वाचताना वाटतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या, त्या वेळी मुलीच्या लग्नाला कमीत कमी वय असं कायद्यात काही नव्हतंच. 1860 च्या दंडसंहितेत फक्त एवढंच होतं की मुलगी 10 वर्षांच्या आतली असेल तर शरीरसंबंध हा गुन्हा, नवरा असला तरी. ते 10 चं 12 व्हायला 1891 उजाडलं, आणि त्यावरून पुण्यात केवढा गदारोळ झाला, टिळक एका बाजूला, रानडे-भांडारकर दुसऱ्या बाजूला. लग्नाच्याच वयाचा कायदा म्हणजे शारदा कायदा, तो तर 1929 चा. आणि ब्राह्मण घरात मुलगी वयात यायच्या आत लग्न झालं नाही तर आईबापाला दोष, त्यामुळे 11 वर्षांची मुलगी म्हणजे त्या हिशोबाने लग्नाला थोडी मोठीच. दुसरं लग्न करणाऱ्या 31 वर्षांच्या माणसाला समाजाच्या रीतीत राहून बायको मिळणार ती एवढीच असणार, कारण त्याहून मोठ्या ज्या होत्या त्या एकतर दुसऱ्याच्या बायका नाहीतर विधवा. रीत मोडायची तर विधवेशीच लग्न करायला हवं होतं, मधला रस्ता नव्हताच, आणि तेच रानड्यांच्याने झालं नाही.

लग्नानंतर नाव बदलून रमा झालं. मुलीचे वडील गावी परत गेले त्या रात्री रानड्यांनी तिला वर बोलावलं आणि विचारलं, तुझं माझ्याशी लग्न झालंय पण मी कोण हे तुला माहीत आहे का, माझं नाव काय सांग. तिने ऐकलेलं नाव सांगितलं. मग माहेरचं थोडं विचारलं, लिहायला-वाचायला येतं का विचारलं, आणि नाही म्हटल्यावर पाटी-पेन्सिल काढून लगेच धुळाक्षरं सुरू. म्हणजे जो माणूस लग्नाच्या दिवशी दार लावून बसला होता त्याने आता चुकीची भरपाई म्हणून असेल किंवा स्वभाव म्हणून असेल, पण पहिल्याच रात्री शिक्षण सुरू केलं. पुढे फिमेल ट्रेनिंग कॉलेजातल्या मास्तरीणबाई घरी येऊन शिकवायला लागल्या.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते आणि ती गोड वाटते. खरी अवघड बाजू इथून पुढे आहे.

रानड्यांचं घर म्हणजे एकत्र कुटुंब, त्यात आठ-नऊ बायका, सासूबाई, नणंद, चुलत सासवा, आश्रित बायका. रानडे सकाळी उठून वाचणार, कोर्टात जाणार, संध्याकाळी सभा, रात्री वर त्यांच्या खोलीत. रमाबाई मात्र दिवसभर खाली, या बायकांच्या राज्यात. रात्री वर जाऊन शिकायचं आणि दिवसा खाली त्याबद्दल टोमणे खायचे असा तो दिनक्रम. मोठ्याने वाचलं तर काय उर्मट सून, हळू वाचलं तर काय चोरून चाललंय. काहीजणी समजुतीच्या सुरात सांगायच्या की अगं, पुरुषांना हौस असते, त्यांनी दहा वेळा सांगितलं तर एकदा कर, आपोआप कंटाळतील आणि सोडतील. यातला पेच बघा, नवऱ्याचं ऐकलं तर घरातल्या मोठ्यांचा अपमान आणि मोठ्यांचं ऐकलं तर नवऱ्याचा, आणि दोन्ही गोष्टी शास्त्राप्रमाणे बायकोचं कर्तव्यच! वरच्या मजल्यावरून ऑर्डर एक, खालच्या मजल्यावरून दुसरी, आणि वय वर्षं 12-13.

आणि त्या बायकांना नुसतं खाष्ट म्हणून सोडून देणं मला पटत नाही. त्यातल्या मुख्य म्हणजे रानड्यांची बहीण दुर्गा, रमाबाई त्यांना वन्सं म्हणत. त्या तरुणपणीच विधवा झालेल्या, हुशार, घर चालवणाऱ्या. आता विचार करा, भाऊ गावभर विधवांच्या हक्काबद्दल बोलतोय आणि विधवा बहीण घरात सोवळ्यात आयुष्य काढतेय. तिच्या हातात जे काही होतं ते म्हणजे घरातले नियम, सोवळं-ओवळं, कुणी कुठे बसायचं, कुणी कशाला शिवायचं. ते नियम गेले तर तिचं घरातलं स्थानच गेलं. आणि समोर तिची धाकटी वहिनी, तिला नवरा आहे, पाटी आहे, मास्तरीण आहे. मला तरी यात दुष्टपणापेक्षा दुःख जास्त दिसतं. रमाबाईंनीसुद्धा आठवणींमध्ये त्यांच्याबद्दल लिहिताना तोल सोडलेला नाही.

सोवळ्याचं उदाहरण घ्या म्हणजे कळेल हा त्रास किती रोजचा होता. पुढे रमाबाईंना इंग्रजी शिकवायला मिस हरफर्ड नावाच्या मिशनच्या बाई घरी यायला लागल्या. सोवळ्याचा साधा नियम असा की स्वयंपाकघर, देवघर आणि पिण्याचं पाणी या ठिकाणी आंघोळ करून, धुतलेलं किंवा रेशमी वस्त्र नेसूनच जायचं, आणि मधे कुणा 'बाहेरच्या' माणसाला शिवलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आता ख्रिश्चन बाईजवळ बसून धडा घेतला म्हणजे विटाळ झालाच, मग धडा संपला की आंघोळ केल्याशिवाय घरात कशाला शिवायचं नाही असं फर्मान निघालं. शेवटी वारंवारच्या आंघोळींनी रमाबाई आजारी पडल्या तेव्हा कुठे तो प्रकार आवरता घेतला गेला. इंग्रजीच्या पुस्तकाची किंमत म्हणून ताप, हे कुठल्याही सभेच्या वृत्तांतात येत नाही.

बरं, रानडे काय करत होते या सगळ्यात? ते घरातल्या बायकांना कधी ओरडले नाहीत, मोठ्यांचा मान ठेवायचा हा त्यांचा हट्ट. रमाबाईंना म्हणायचे सहन कर, उलट बोलू नकोस, पण शिकणं सोडायचं नाही. ऐकायला छान आहे, पण याचा अर्थ सगळा भार तिच्यावर. आणि तिने भार टाकला तर? एकदा बायकांच्या सभेत रमाबाई सुधारकी बायकांबरोबर न राहता घरातल्या मोठ्या बायकांना बरं वाटेल असं वागल्या. त्या रात्री रानडे एक शब्द बोलले नाहीत. रोजच्यासारखं त्या पायाला तूप चोळत बसल्या, तरी हूं नाही की चूं नाही, पुरे असंही म्हणेनात. पहाट होत आली तरी तसंच. रागावले असते तर बरं झालं असतं असं त्यांना होऊन गेलं. सकाळी त्यांनी चूक कबूल केली तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं. हा प्रसंग रमाबाई स्वतःची चूक म्हणून सांगतात. मी वाचताना मात्र थांबलो, कारण हे पण एक प्रकारचं दडपणच आहे ना, मारझोड नाही, आरडाओरडा नाही, नुसतं अबोल राहायचं आणि समोरच्याने आपोआप वाकायचं. त्या काळातल्या चांगल्यात चांगल्या नवऱ्याच्या घरातही शेवटचा शब्द कुणाचा होता हे या एका रात्रीवरून कळतं.

आता राजकारण. रानडे सरकारी न्यायाधीश, मग पुढारी कसे? तर उघड पद कुठलंच नाही, पण पुणे सार्वजनिक सभा, जी 1870 मध्ये गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांनी काढली, तिचं डोकं म्हणजे रानडे. सरकारला जाणारे अर्ज, दुष्काळाचे रिपोर्ट, शेतसाऱ्यावरचे लेख, बरंचसं त्यांच्या टेबलावरून जायचं. 1885 मध्ये काँग्रेस स्थापन झाली तिथेही ते होते आणि 1887 पासून काँग्रेसच्याच मांडवात भरणारी सामाजिक परिषद तर त्यांचंच काम. सरकारला हे सगळं दिसत होतं आणि त्यांच्या हातात एक हुकमी शस्त्र होतं, ट्रान्सफर.

1878 मध्ये नाशिक. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड ऐन भरात, त्यात मे महिन्यात पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याला आगी लागल्या, संशयाची सुई सुशिक्षित ब्राह्मणांकडे, आणि रानड्यांची बदली थेट धुळ्याला. तिथे त्यांची पत्रं फोडली जायला लागली. एवढंच नाही तर बंडवाल्यांच्या नावाने खोटी पत्रं यायची, आम्ही अमुक करतोय, तुमची मदत हवी वगैरे, म्हणजे रानडे काय करतात ते बघायचं. रानडे ती पत्रं सरळ पोलिसांकडे पाठवून द्यायचे. तेव्हा रमाबाई 17 वर्षांच्या. परक्या गावात, नवऱ्यावर राजद्रोहाचा संशय, घरी येणारा प्रत्येक लिफाफा आधीच कुणीतरी वाचलेला. हे टेन्शन त्यांनी लिहिलंय ते अगदी साध्या शब्दांत, कसलाही आव न आणता. गंमत म्हणजे (म्हणजे गंमत कसली, पण आहे तसं सांगतो) याच बदल्यांनी त्यांना थोडी मोकळी हवा मिळाली, कारण पुण्याच्या घरातल्या सगळ्या बायका काही प्रत्येक गावी बरोबर नसायच्या. नाशिकला लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, न्यायाधीश होते, दोन्ही घरांनी मिळून बायकांचे हळदीकुंकवाचे समारंभ केले, मुलींच्या शाळेला भेटी दिल्या, आणि चार माणसांसमोर बोलायची सवय रमाबाईंना तिथेच लागली.

मला सगळ्यात आवडणारा प्रसंग मात्र कलकत्त्याचा. 1886 मध्ये रानडे सरकारच्या फायनान्स कमिटीवर होते, त्यामुळे काही महिने मुक्काम तिकडे. रानड्यांनी ठरवलं बंगाली शिकायचं, पुस्तकं आणली, आणि एके दिवशी रमाबाई बघतात तर न्हावी दाढी करतोय आणि हे हातात पुस्तक धरून त्याला अडलेल्या शब्दांचा उच्चार विचारतायत, तो बिचारा थांबून थांबून सांगतोय. रमाबाई हसल्या, म्हणाल्या गुरू शोधला तो हाच का. यावर रानड्यांनी दत्तात्रेयाचं उदाहरण दिलं, त्यांनी 24 गुरू केले, ज्याच्याकडून जे मिळालं ते घेतलं, मग मला न्हाव्याकडून शिकायला काय हरकत. आणि मग तेच बंगाली त्यांनी रमाबाईंना शिकवलं. या प्रसंगात मला जे दिसतं ते असं की धुळाक्षरं गिरवणारी ती मुलगी आता 24 वर्षांची झालीय आणि नवऱ्याची थट्टा करू शकतेय. पुण्याच्या घरात हे दिवसाढवळ्या शक्य नव्हतं.

त्याच्या आधी दोन मोठ्या गोष्टी पुण्यात घडून गेल्या होत्या. 1882 मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, संस्कृतात पुराण सांगणारी तरुण विधवा बाई, गावभर खळबळ. आर्य महिला समाज निघाला आणि रमाबाई रानडे त्यात जायला लागल्या. आणि 1884 मध्ये मुलींच्या हायस्कूलची मागणी करायला सभा भरली, गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन समोर, आणि त्यांच्यापुढे इंग्रजीतलं निवेदन वाचलं रमाबाईंनी. 22 वर्षांची ब्राह्मण घरातली बाई, पुरुषांनी भरलेल्या सभेत, इंग्रजीत. घरी आल्यावर बायकांनी जे काही तोंडसुख घेतलं ते विचारू नका. पण सप्टेंबर 1884 मध्ये शाळा निघाली, तीच आपली हुजूरपागा. या शाळेवर नंतर टीका झाली ती अभ्यासक्रमावरून, मुलींना इंग्रजी आणि गणित एवढं कशाला, पूर्ण दिवस शाळा कशाला, आणि त्यात टिळकांचं वर्तमानपत्र आघाडीवर होतं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. याच पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी 1848 मध्येच मुलींची शाळा काढली होती, म्हणजे हुजूरपागेच्या 36 वर्षं आधी, आणि तीही सरकारी पाठबळाशिवाय सुरू केलेली. रानड्यांच्या मंडळींची सुधारणा बरीचशी पांढरपेशा घरांपुरती होती आणि जोतीरावांनी हे त्यांना पत्रातून सरळ सुनावलंही, 1885 मध्ये ग्रंथकार सभेचं (म्हणजे मराठी लेखकांच्या संमेलनाचं) आमंत्रण त्यांनी नाकारलं ते याच कारणाने. रमाबाईंचं कौतुक करताना हे विसरायचं नाही. आणि हे आठवताना रमाबाईंचा त्रास खोटा होता असंही समजायचं नाही.

आता ग्रामण्य, कारण त्याशिवाय पंचहौदाचं चहा प्रकरण कळत नाही. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित लोकांना बोलावलं होतं, तिथे मिशनच्या बायकांनी चहा-बिस्किटं पुढे ठेवली. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हातात धरला, कुणी बाजूला ठेवला. रानडे होते, टिळकही होते. नंतर गोपाळराव जोशींनी (आनंदीबाई जोशींचे यजमान) हजर असलेल्यांची नावंच पेपरात छापून आणली. झालं. सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे तक्रार नेली, चौकशी बसली, आणि ज्यांनी प्रायश्चित्त घेतलं नाही त्यांच्यावर बहिष्कार. ग्रामण्य म्हणजे हेच, जातीतल्या लोकांनी एखाद्याला दोषी ठरवून पंगतीतून बाहेर काढायचं. कायद्याने यात काही शिक्षा नाही, दंड नाही, तुरुंग नाही. मग एवढं घाबरण्यासारखं काय होतं?

तर असं बघा. पुरुष सकाळी कोर्टात जातो, तिथे साहेबाला या बहिष्काराचं काही देणंघेणं नाही, पगार चालू. पण घरात श्राद्ध आलं, ब्राह्मण कोण येणार? बहिष्कृताच्या घरी जेवला तर तो भिक्षुकही बहिष्कृत. आचारी मिळत नाही. हळदीकुंकवाला बोलावलं तर बायका येत नाहीत, आणि आपल्याला कुणी बोलावत नाही. लग्न झालेली मुलगी सासरहून माहेरी यायची बंद होते, कारण ती आली तर तिचं सासर पण अडचणीत. घरात लग्नाची मुलगी असेल तर तिचं लग्न अडतं. म्हणजे बहिष्कार पुरुषाच्या नावाने आणि भोगायचा बायकांनी. रमाबाईंनी दोन वर्षं हे काढलं, श्राद्धपक्षाला ब्राह्मण मिळवताना नाकी नऊ आले, पण त्या तक्रार न करता निभावत राहिल्या, कारण त्यांच्या मते आपण बरोबर बाजूला होतो.

आणि मग 1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेऊन टाकलं! स्वतःसाठी नाही, तर बरोबरच्या काही मित्रांची घरगुती कोंडी झाली होती, म्हातारे आईवडील, अडकलेल्या मुली, त्यांची सुटका व्हावी म्हणून. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतलं असल्याचं सांगून आपली बाजू सांभाळली होती. रानड्यांच्या प्रायश्चित्ताने सुधारक मंडळीच खवळली, आणि घरात रमाबाईंनाही ते आवडलं नाही. दोन वर्षं आपण सोसलं, मग आता का, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो अगदी रास्त होता. 1873 मध्ये वडिलांपुढे, 1892 मध्ये मित्रांपुढे, रानडे तत्त्वापेक्षा माणसं तुटू नयेत याला जास्त किंमत द्यायचे. काहींना हा मोठेपणा वाटतो, काहींना कच खाणं. मला वाटतं, ज्या बाईने त्या तत्त्वासाठी दोन वर्षं घर ओढलं तिला निर्णय घ्यायच्या आधी विचारायला हवं होतं.

1893 मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग वारले आणि त्यांच्या जागी रानडे न्यायमूर्ती झाले, घर मुंबईला आलं. 16 जानेवारी 1901 ला रानडे गेले. रमाबाईंना 39 वर्षं पूर्ण व्हायला नऊ दिवस होते. मूलबाळ नाही.

त्यानंतर त्या पुण्याला आल्या आणि जवळजवळ वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. त्यांच्या आठवणीही इथेच संपतात, रानड्यांच्या मृत्यूपाशी. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक 1910 मध्ये आलं, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्रस्तावनेसह. ज्या घरात तिने वाचू नये म्हणून सगळं घर उठलं होतं तिथल्या सुनेने मराठीतलं एक उत्तम आत्मचरित्र लिहिलं, पण पुढच्या 23 वर्षांबद्दल त्यात काही नाही, आणि माझ्या मते खऱ्या अर्थाने त्यांची स्वतःची म्हणता येतील अशी वर्षं तीच आहेत.

कारण आता वरच्या मजल्यावरून सांगणारं कुणी नव्हतं आणि खालच्या मजल्यावरून अडवणारंही. आधी येरवड्याच्या तुरुंगात बायकांच्या कोठड्यांमध्ये जायला लागल्या, त्या कैदी बायकांशी बोलायच्या, त्यांना वाचून दाखवायच्या. 1904 मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली तिच्या अध्यक्ष. 1908 मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल या समाजसुधारकांनी मुंबईत सेवासदन काढलं त्याच्याही अध्यक्ष, आणि 1909 मध्ये पुण्यात स्वतःच्या राहत्या वाड्यात सेवासदन सुरू केलं, गोपाळ कृष्ण देवधर बरोबर होते. शिवण, शिक्षिकांचे वर्ग, प्रथमोपचार, आणि सगळ्यात धाडसाचं म्हणजे नर्सिंग.

नर्सिंगमध्ये धाडस काय, असं आज वाटेल. तर सोवळ्याचा तो नियम पुन्हा आठवा. परक्या माणसाला शिवायचं, तेही कुठल्याही जातीच्या, रक्त, मलमूत्र, मृतदेह, रात्रपाळी, आणि पुरुष डॉक्टरच्या हाताखाली काम. उच्चवर्णीय हिंदू घरातल्या बाईने हे करायचं म्हणजे एकेका दिवसात शंभर वेळा विटाळ. ससून हॉस्पिटलमध्ये शिकायला विधवा आणि टाकलेल्या बायका पाठवायच्या म्हणजे त्यांच्या घरच्यांना पटवण्यापासून तयारी. पण ते झालं, बायका तयार झाल्या, पगार कमवायला लागल्या. ज्या विधवेला घरात फक्त सोवळं सांभाळायचं काम होतं तिला महिन्याचा पगार मिळायला लागला, आणि हे वाचताना मला दर वेळी वन्संची आठवण होते, त्यांच्या तरुणपणी असं काही असतं तर.

शेवटच्या वर्षांत त्या सरळ राजकारणात उतरल्या असंच म्हणायला हवं. 1918 च्या मुंबई कायद्याने नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करता यायला लागलं. पुण्यात वाद पडला, पैसे कमी आहेत तर आधी मुलांना सक्ती करू, मुलींचं नंतर बघू. टिळक पक्षाचं म्हणणं साधारण असं होतं. रमाबाई आणि त्यांच्या बरोबरच्या बायका 1920 च्या सुमारास यासाठी रस्त्यावर उतरल्या, मोर्चा काढला, मुलींना वगळलेलं चालणार नाही. ज्या पुण्यात 1884 मध्ये एक बाई सभेत निवेदन वाचते म्हणून तिच्या घरात तमाशा झाला होता त्याच पुण्यात आता बायकांची मिरवणूक. बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून चाललेल्या खटपटीतही त्या होत्या आणि मुंबई कौन्सिलने 1921 मध्ये तो दिला, अर्थात पुरुषांसारखीच मालमत्तेची अट त्यालाही होती त्यामुळे प्रत्यक्षात थोड्याच बायकांना तो वापरता आला. 1924 मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. पुण्याचं सेवासदन अजून चालू आहे, लक्ष्मी रोडवर.

पुस्तक वाचायचं मनात असेल तर जुनं आहे म्हणून घाबरू नका, भाषा घरगुती आहे, दहा-पंधरा पानांत सवय होते. लग्नाच्या प्रकरणापासून सुरू करा, धुळ्याचं आणि कलकत्त्याचं अजिबात चुकवू नका, आणि वाचताना वन्संचं प्रत्येक वाक्य जरा थांबून वाचा.